बरा होऊन गेला

४ मार्च, मंगळवार

आजचं लिहावं की नाही, हे संध्याकाळपासून ठरत नाही. गावच्या शाळेत गुरुजींनी सांगितलं होतं, रोज चार ओळी लिहा, दिवस कोरा सोडू नका. तेव्हापासून लिहितो. बहुतेक दिवस सारखेच असतात. किती खाटा भरल्या, कोणाला जुलाब, कोणाचं गळू फोडलं. तुरुंगाच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरला आणखी काय दिसणार?

आज सकाळी सहाला खून केलेल्या हमालाची फाशी होती. इथे एकोणीस वर्षांत झाली नव्हती. मी फाशीघराच्या खालच्या खोलीत डॉक्टरबाईंच्या मागे स्ट्रेचर आणि चादर घेऊन उभा होतो. वर फळी पडली, तो खाली आला आणि त्याच्या पायाची बोटं फरशीला टेकली.

उभा राहिला असं म्हणता येणार नाही. टेकायचा, सुटायचा, पुन्हा टेकायचा. वरच्या लोकांना ते दिसत नव्हतं, ते घड्याळाकडे बघत होते. मी बघत होतो, पण वर हाक मारली नाही. बऱ्याच वेळाने तो लोंबकळत राहिला. दोर सोडून त्याला खाली घेतलं. बाईंनी नळी छातीला लावली, काढली, पुसली, परत लावली.

"साहेब, हा जिवंत आहे," त्या वर तोंड करून म्हणाल्या.

हवालदाराने टोपी काढली आणि काय करावं ते न सुचून परत घातली.

तुरुंगाचे साहेब खाली आले. "मग आता काय करायचं असतं?"

"ते तुमच्या पुस्तकात बघा," बाई म्हणाल्या. "माझ्या पुस्तकात हा रुग्ण आहे. काका, उचला."

खाट क्रमांक चारवर घेतला.

५ मार्च, बुधवार

शुद्ध नाही. घशातून घरघर येते. चमच्याने ओठ ओले करतो.

कसा वाचला याची दिवसभर चर्चा चालली होती. बाई म्हणतात, मानेमुळे. तीस वर्षं डोक्यावरून पोती वाहिली, मान झाडाच्या बुंध्यासारखी झाली आहे. दोरही नवा होता, तो ताणला गेला. पण खरी गोष्ट मला माहीत होती आणि ती मी साहेबांना जाऊन सांगितली.

नऊ वर्षांपूर्वी खालच्या खोलीत पाणी झिरपायचं. दवाखान्याच्या जादा खाटा आणि गाद्या तिथेच ठेवलेल्या असायच्या, त्या कुजायला लागल्या. मी अर्ज केला होता. बांधकामवाल्यांनी भर टाकून फरशी चांगली वीत-दीड वीत उंच केली. दोराची मापं मात्र जुन्या नकाशावरून घेतली गेली. फाशीच होत नव्हती, तर कोणाच्या लक्षात राहणार?

साहेब माझ्याकडे बघत राहिले. "म्हणजे तुमच्या अर्जामुळे?"

"होय साहेब."

"हे आणखी कोणाला सांगितलंत?"

"नाही."

"मग नका सांगू."

घरी येऊन देवापुढे बसलो. मी गाद्यांचा विचार करत होतो, तेव्हा त्याने माझ्या हातून दुसऱ्याच कामाचा अर्ज लिहून घेतला.

९ मार्च, रविवार

हवालदार खाटेजवळ पहारा देतो. न हलणाऱ्या माणसाला पहारा कशाला ते त्यालाही कळत नाही. मला 'महाराज' म्हणायची त्याची जुनी सवय आहे.

"काय महाराज, तुमचा देव पावला याला."

"पावला खरा."

"आता सुटला गडी. एकदा फाशी दिली ना, झाली शिक्षा. दुसऱ्यांदा देत नाहीत. आमचे आजोबा सांगायचे."

गावात मीही लहानपणी हेच ऐकलं होतं. न्यायाला धरूनही आहे. फाशी सांगितली होती, फाशी दिली. मरण देणं न देणं हे काही कोर्टाच्या हातात नसतं.

हमाल निर्दोष आहे असं मात्र कोणी म्हणत नाही. गोदामाच्या मुकादमाला त्याने पोत्याच्या हुकाने मारलं. कारण कधीच सांगितलं नाही. न्यायाधीशाने विचारलं तेव्हा दोनच शब्द बोलला म्हणे, "मी केलं." वकिलाचा जीव थकला, पण हा तिसरा शब्द बोलला नाही.

१२ मार्च, बुधवार

आज डोळे उघडले. दोन चमचे डाळीचं पाणी घशाखाली गेलं. आवाज मात्र नाही. बाई म्हणाल्या, तो येणार नाही, आतलं सगळं चेचलं आहे.

मी केसपेपर पुढे धरला. त्यांनी लिहिलं: 'डोळे उघडे. आकलन नाही.'

"बाई, माझ्याकडे बघितलं त्याने."

"डोळे उघडे असले की ते कुठेतरी बघतातच, काका."

१४ मार्च, शुक्रवार

बाई आल्या की त्याला झोप लागते. त्या गेल्या की जागा असतो. गोळ्यांच्या वेळेचा काहीतरी संबंध असावा, विचारलं पाहिजे.

आज कापूस घेऊन गेलो तर बाई त्याच्या कानाशी वाकून हळू काही सांगत होत्या. मी दिसताच सरळ झाल्या. प्रार्थना म्हणत असतील. तशा त्या देवाधर्मातल्या नाहीत, पण अशा वेळी माणूस बदलतो. मी पाहिलं नाही असंच दाखवलं.

१६ मार्च, रविवार

कोठडीतून त्याचं गाठोडं आलं. एक सदरा, एक कंगवा आणि चार पत्रं. पत्रं कार्यालयात तपासून शिक्का मारलेली होती, पण घड्या अगदी कोऱ्या. हवालदार म्हणाला, "लेकीची आहेत. लांब दिली आहे. याला वाचता येत नाही आणि दुसऱ्याला वाचू देत नाही. बराकीत एकदा कोणीतरी दुसऱ्याचं पत्र मोठ्याने वाचून थट्टा केली होती, तेव्हापासून."

मी खाटेशी बसून म्हणालो, "मी वाचून दाखवू? हळू वाचेन. हवालदाराला बाहेर पाठवतो."

त्याचा हात उठला. मुठीत चारही पत्रं घट्ट धरली आणि छातीवर ठेवली.

आकलन नाही म्हणे.

मी म्हणालो, "बरं. मग तू स्वतः वाच. मी शिकवतो."

तो कितीतरी वेळ माझ्याकडे बघत होता. मग त्याने दाराकडे बघितलं आणि डोळे मिटले. मला वाटलं, झालं. पण मूठ सुटली नव्हती.

१७ मार्च, सोमवार

कैद्यांच्या शाळेतून पाटी आणि पेन्सिल आणली. त्याच्या बोटांत पेन्सिल दिली तर ती त्याने हुकासारखी पकडली. आज फक्त उभी रेघ आणि आडवी रेघ काढली. गुरुजी आम्हाला तीन दिवस रेघाच काढायला लावायचे. हात वळल्याशिवाय अक्षर येत नाही म्हणायचे.

बाईंना आनंदाने सांगितलं. त्या हात धूत होत्या, धुतच राहिल्या.

"काका, मेंदूला हवा कमी पडली की मूठ आपोआप वळते. त्याचा अर्थ काढायचा नसतो."

"पण रेघ काढली बाई."

"तुम्ही हे कुठे लिहिलंत?"

"अजून नाही."

"मग लिहू नका. मी तपासल्याशिवाय काही लिहायचं नाही."

वाईट वाटलं. मोठी पदवी असली म्हणून काय झालं. 'रुग्णाची प्रगती' हा रकाना बावीस वर्षं मी भरतो. त्यात एक ओळ खोटी नाही आणि एक गाळलेली नाही. आपल्याआधी कंपाउंडरला दिसलं, हे बाईंना लागलं असेल. तरुण आहेत.

२१ मार्च, शुक्रवार

ग, म, भ, न झाले. घोकायला आवाज नाही, म्हणून मी म्हणतो आणि तो ओठ हलवतो. 'म' काढताना जीभ बाहेर काढतो, अगदी पहिलीतल्या मुलासारखी. आज चुकला तेव्हा स्वतःच थुंकी लावून पुसलं. मी हसलो, तोही हसला असं वाटलं. मानेवरचा व्रण हिरवट पडायला लागला आहे.

आपल्याला मूल झालं नाही. कोणाला अक्षर शिकवायची ही पहिलीच वेळ.

२३ मार्च, रविवार

हिला सगळं सांगितलं. ही कपड्यांच्या घड्या घालत होती.

"आणि बरा झाला की मग?" हिने विचारलं.

"मग सुटेल. लेकीकडे जाईल."

"कोण म्हणालं?"

"हवालदार. शिवाय गावातही असंच ऐकलं होतं."

हिचे हात थांबले. "अहो, साहेबांना विचारलंत का?"

"त्यांना कशाला विचारायचं? ते सध्या चिडलेले असतात."

"बावीस वर्षं त्या भिंतीच्या आत जाताय तुम्ही," ही म्हणाली, "आणि तिथलं कळतं ते मला." मग चादर झटकली आणि दोन टोकं माझ्या हातात दिली. हिला अलीकडे चांगल्या गोष्टीवर विश्वास बसत नाही. तिचंही वय होत चाललं.

२९ मार्च, शनिवार

काना, मात्रा, वेलांटी झाली. आज त्याने पहिलं पत्र उघडलं. लेकीने अक्षर मुद्दाम मोठं काढलेलं दिसलं, लांबून तेवढंच दिसलं. मी उठून खिडकीशी गेलो, पाठ करून उभा राहिलो. मागे कागदावर बोट सरकल्याचा आवाज येत होता. पाऊण तास लागला. पान एकच होतं.

वळलो तेव्हा तो छताकडे बघत होता आणि कानांपर्यंत ओलं झालं होतं.

मला राहवलं नाही. प्रगतीच्या रकान्यात लिहिलं: 'अक्षरओळख झाली. स्वतःचं नाव काढतो. आलेलं पत्र स्वतः वाचलं. समज पूर्ण आहे.' खाली सही केली. बाई रजेवर होत्या. शनिवारी वही साहेबांकडे जाते, ती पाठवली. वरचे लोक त्याच्या सुटकेचा विचार करत असतील तर त्यांना हे लवकर कळलेलं बरं.

१ एप्रिल, मंगळवार

साहेबांनी बोलावून पाठीवर हात ठेवला. "फार मोठं काम केलंत कंपाउंडर. महिनाभर आम्ही अडकून पडलो होतो." १७ तारखेला तीन जणांची समिती येणार आहे. मी विचारलं, "साहेब, बरं होईल ना सगळं?" ते म्हणाले, "होईल, होईल, आता लवकरच होईल."

हिला सांगितलं. हिने तोंड फिरवलं.

२ एप्रिल, बुधवार

बाई रजेवरून आल्या. मलमपट्टीच्या खोलीत मला बोलावून दार लावलं.

"काका, शिक्षेच्या कागदावर काय लिहिलेलं असतं, माहीत आहे?"

"फाशी."

"जीव जाईपर्यंत फाशी. जाईपर्यंत. गेला नाही, म्हणून ती संपलेली नाही."

मी म्हणालो, "पण एकदा..."

"एकदा, दोनदा, कितीदाही. फक्त एकच अट आहे. आपल्याला काय होतंय आणि कशासाठी होतंय, हे ज्याला समजत नाही त्याला चढवता येत नाही. म्हणून मी महिनाभर एकच ओळ लिहीत होते. त्यालाही मी शुद्ध आली त्याच दिवशी सांगितलं होतं, डोळे मिटून पडून राहा, वर्ष जाऊ दे, दोन जाऊ देत. तो राहिलाही होता. सगळ्यांसमोर राहिला." त्यांनी पेल्यात पाणी ओतलं. "फक्त तुमच्यासमोर राहिला नाही."

मी खुर्चीत बसलो. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी तो पेला मला दिला.

"मलाही सांगायला हवं होतंत, बाई."

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही ते वहीत लिहिलं असतं, काका."

लिहिलं असतं.

५ एप्रिल, शनिवार

दोन दिवस लिहिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

पाटी कपाटात ठेवून कुलूप लावलं. खाट चारपाशी गेलो की तो हात पुढे करतो. मी ताप बघतो, पाणी पाजतो आणि निघतो. आज त्याने माझं मनगट धरलं. मी म्हणालो, "तुला माहीत होतं ना? बाईंनी सांगितलं होतं ना तुला?" त्याने मान डोलावली. ती अजून नीट हलत नाही.

"मग कशाला शिकलास?"

त्याने उशीखालची पत्रं काढली. एक वाचलेलं वेगळं केलं, तीन माझ्यापुढे धरली.

मी पाटी काढली नाही.

९ एप्रिल, बुधवार

देवापुढे बसतो, पण काय मागावं ते कळत नाही. तो बरा होऊ नये असं मागायचं? बावीस वर्षांत कोणत्याच रुग्णासाठी मी असं मागितलं नाही. फरशीचा अर्ज त्याने लिहून घेतला असं मी म्हणालो होतो. मग वहीतली ओळ कोणी लिहून घेतली?

ही म्हणाली, "देवाला मध्ये आणू नका. तुम्ही लिहिलंत, आता तुम्हीच पुसा."

"शाई पुसत नाही."

"मग तोंडाने पुसा. खोटं बोला. एकदा बोलून बघा, जमतं माणसाला."

हिने असं बोलावं याचं आश्चर्य वाटलं. त्याहून आश्चर्य हे की मी रात्रभर तेच ठरवत राहिलो.

१६ एप्रिल, बुधवार

उद्या समिती. काय बोलायचं ते पाठ केलं. अक्षरं मीच काढली, त्याचा हात माझ्या हातात धरून. पत्र त्याने वाचलं नाही, नुसतं बोट फिरवलं. मला शिकवण्याची हौस, म्हणून मी जास्तीचं लिहिलं. बाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तुमच्यावर खटला होईल, काका. सरकारी वही आहे." मी म्हटलं, होऊ दे. त्यांनी टेबलावरची कात्री उचलून जागेवर ठेवली. मग म्हणाल्या, "बोलताना माझ्याकडे बघू नका."

हमालालाही सांगितलं. कानाशी वाकून, बाईंसारखंच. "उद्या काहीही झालं तरी डोळे उघडायचे नाहीत." त्याने माझं सगळं ऐकून घेतलं.

१७ एप्रिल, गुरुवार

जसं झालं तसं लिहितो.

शहरातले मोठे डॉक्टर, न्यायखात्याचे अधिकारी आणि आमचे साहेब, असे तिघे खाट चारभोवती बसले. हमाल डोळे मिटून होता. हाका मारल्या, चिमटा घेतला, डोळ्यांत उजेड टाकला. तो हलला नाही. मोठे डॉक्टर बाईंना म्हणाले, "तुमचं मत बरोबर दिसतंय." माझ्या जिवात जीव आला.

मग अधिकाऱ्यांनी वही उघडली. "हे कोणी लिहिलं?"

"मी, साहेब."

"समज पूर्ण आहे, असं लिहिलंय."

मी पाठ केलेलं बोललो. बाईंकडे न बघता सगळं बोललो. त्याचा हात धरून मीच काढत होतो. पत्र वाचलं नाही. खोटी नोंद केली.

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. "बावीस वर्षं नोकरी झाली तुमची?"

"हो."

"आणि एका माणसाच्या फाशीच्या प्रकरणात खोटी नोंद केलीत, हौस म्हणून?"

"हो साहेब."

"याला काय शिक्षा आहे माहीत आहे? याच इमारतीत राहावं लागेल तुम्हाला. पलीकडच्या बाजूला."

साहेब मध्येच म्हणाले, "हा खोटं बोलत नाही कधी. आत्ता बोलतोय."

"ते आपण लिहून घेऊ," अधिकारी म्हणाले आणि त्यांनी हवालदाराला जवळ बोलावलं. "यांना माझ्या खोलीत बसवा. वही ताब्यात घ्या."

हवालदाराने माझा दंड धरला. अगदी हलका धरला. "चला महाराज," म्हणाला. तेव्हा खाट करकरली.

हमाल उठून बसला होता. डोळे उघडे होते. त्याने सगळ्यांकडे नाही, फक्त माझ्याकडे बघितलं आणि हवेत बोटाने चौकोन काढला. कोणाला कळेना. मला कळलं होतं, पण मी मान खाली घातली. त्याने पुन्हा चौकोन काढला. मग मोठे डॉक्टरच म्हणाले, "पाटी मागतोय का हा?"

बाई म्हणाल्या, "पाटी नाहीये इथे."

साहेबांनी कपाट उघडायला लावलं.

त्याने पाटी मांडीवर घेतली. पेन्सिल आता हुकासारखी धरत नाही, नीट धरतो. जीभ थोडी बाहेर काढून सावकाश लिहिलं. वेलांटी द्यायची राहिली होती, ती मागाहून दिली. मग पाटी फिरवून त्यांच्यापुढे धरली.

'मी लिहिलं.'

२१ एप्रिल, सोमवार

साहेबांनी मला सांगितलं, माझी नोंद खरी ठरली, त्यामुळे कारवाई नाही. उलट सेवापुस्तकात चांगला शेरा जाणार आहे. मी म्हणालो, नको साहेब. ते म्हणाले, "असं कसं, नियम आहे."

बाई माझ्याशी बोलतात, पण कामापुरतं. मीही तसाच.

२८ एप्रिल, सोमवार

हुकूम आला. १३ मे.

खाटेशी गेलो. पाया पडावं असं मनात होतं, पण हवालदार होता. मी नुसता म्हणालो, "तू बोलायला नको होतंस." तो तर एक शब्दही बोलला नव्हता. मी काय म्हणतोय ते मलाच कळेना. "मी गेलो असतो तुरुंगात. वर्षभर, दोन वर्षं. परत आलो असतो. तुला एवढं कळत नाही?"

त्याने उशीखालून दुसरं पत्र काढलं, पाटीकडे बोट केलं आणि माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. हवालदार म्हणाला, "महाराज, विद्यार्थी खोळंबलाय."

मी पाटी पुसली.

४ मे, रविवार

दुसरं पत्र झालं, तिसरं झालं. रोज दोन तास बसतो. आता अक्षरागणिक थांबत नाही, सलग वाचतो. काल तिसऱ्या पत्रात कुठेतरी त्याला हसू आलं. नाकातून वारा सुटल्यासारखा आवाज झाला. काय लिहिलं होतं ते मला माहीत नाही आणि विचारणार नाही.

जोडाक्षरं अजून राहिली आहेत. गुरुजी ती दुसऱ्या वर्षी शिकवायचे.

७ मे, बुधवार

सकाळपासून फाशीघराच्या खालच्या खोलीत पहारी चालू आहेत. फरशी उकरून जुन्या मापावर नेत आहेत. दवाखान्यात सगळं ऐकू येतं. खाटा हलतात. जादा गाद्या व्हरांड्यात आणून टाकल्या आहेत. कोरड्या ठणठणीत आहेत.

आवाज सुरू झाला तेव्हा आम्ही 'म्ह' आणि 'न्ह' करत होतो. त्याने मान वर केली, कशाचा आवाज ते त्याला कळलं. मग पुन्हा पाटीत डोकं घातलं. माझाच हात चालेना, तर त्याने माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली आणि स्वतः लिहू लागला.

११ मे, रविवार

चौथं पत्र आज उघडलं. मी खिडकीशी गेलो. आज पहारी नव्हत्या, रविवार. बोट सरकत होतं, मग थांबलं. पुन्हा मागे गेलं, पुन्हा तिथेच थांबलं. त्याने खाटेच्या लोखंडावर टकटक केली.

वळलो. त्याने दोन्ही तळव्यांनी सगळं पत्र झाकलं होतं. मध्ये फक्त एक शब्द उघडा ठेवला होता, तो मला दाखवत होता. अडला होता. ते जोडाक्षर मी अजून शिकवलं नव्हतं.

मी वाचलं. "जन्मली."

त्याने ओठ हलवून पाहिलं. पुन्हा माझ्याकडे बघितलं, मी पुन्हा म्हणालो. मग त्याने तळवे उचलले, पत्र तोंडाशी धरलं आणि पुढचं वाचायला लागला. मी परत खिडकीकडे तोंड केलं. पत्रावरच्या शिक्क्याची तारीख गेल्या डिसेंबरची होती, तेवढी नजरेला पडली.

त्याने ते किती वेळा वाचलं ते मोजलं नाही. खूप वेळा.

१३ मे, मंगळवार

मी स्ट्रेचर आणि चादर घेऊन खाली होतो. खोली पुन्हा ओलसर वाटली. या वेळी काही चुकलं नाही. बाईंनी नळी एकदाच लावली.

वर जाण्याआधी अधिकाऱ्यांनी त्याला विचारलं होतं, कशासाठी हे होतंय ते समजतं का. त्याने पाटी मागितली आणि लिहून दिलं, असं हवालदार म्हणाला. काय लिहिलं ते मी विचारलं नाही. हवालदाराने सांगितलंही नाही. तो आज मला महाराज म्हणाला नाही.

नंतर वही पुढे आली. खाट क्रमांक चार रिकामी झाली की नोंद लागते. रुग्ण गेल्याच्या नोंदीला तीनच रकाने आहेत. बरा होऊन गेला. दुसरीकडे हलवला. दवाखान्यात मृत्यू. तो दवाखान्यात मेला नाही. दुसऱ्या कुठल्या दवाखान्यातही हलवला नाही. सकाळी पावणेसहाला स्वतःच्या पायांनी चालत गेला. कारकून म्हणाला, "पहिल्याच रकान्यात करा की, दुसरं कुठे बसणार?" मी केली. बावीस वर्षांत माझ्या हातची एकही नोंद खोटी नाही आणि हीदेखील नियमाप्रमाणे खरी आहे.

घरी आलो. देवापुढे बसलो नाही. हिने विचारलंही नाही.

गाठोडं लेकीकडे पाठवायचं आहे. सदरा, कंगवा, चार पत्रं आणि पाटी. पाटी सरकारी आहे, पण मी ती घातली. सोबत दोन ओळी लिहाव्यात म्हणून कागद घेऊन बसलो. संध्याकाळ गेली. माफी मागायची तर सगळं सांगावं लागेल, आणि सगळं वाचून तिने काय करायचं? तिच्या मांडीवर पाच महिन्यांचं मूल असेल. चार कागद फाडले. पाचव्यावर एकच ओळ राहिली, ती मोठ्या अक्षरात लिहिली आणि पाकीट बंद केलं.

'तुझी चारही पत्रं तुझ्या वडिलांनी स्वतः वाचली.'